‘नैसर्गिक झरा’ म्हणे, लाइट गेली अन् थंडा पडला

आधीच सांगून टाकतो, रिसॉर्टचं नाव लिहीत नाहीये कारण मालक आमच्या साळ्याच्या ओळखीतला निघाला आणि मला घरात पुन्हा तो विषय नको. नागपूरपासून गाडीनं तासाभरावर आहे. जानेवारीतला वीकेंड, एका रात्रीचं स्पा पॅकेज, दोन रूम, मी, बायको, आई आणि पोरगा, 18,500 रुपये आणि वरून जीएसटी वेगळा. जाहिरातीत ठळक अक्षरात ‘नैसर्गिक गरम पाण्याचा झरा’. आता तुम्ही म्हणाल नागपूरच्या माणसाला गरम पाण्यासाठी पैसे कायले मोजायचे, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून फुकटच येतं, पण जानेवारीत आईचे गुडघे एवढे दुखतात की सकाळी पलंगावरून उठायलाच पंधरा मिनिटं लागतात, म्हणून म्हटलं चला.

कुंड दिसायला एक नंबर हो. काळ्या दगडाची गोल कड, तीन पायऱ्या, पितळी गोमुख, त्यातून पाण्याची धार, वर वाफ. आम्ही सगळे खूष. आई पायरीवर बसली, पाय बुडवले, ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलं आणि म्हणाली, “काऊन रे, याले वास काऊन नाही?”

आई मूळची पांढरकवड्याकडची, त्यामुळे लहानपणापासून उनकेश्वरला जाऊन आलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उनकेश्वर म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी महादेवाचं ठाणं आहे आणि तिथे गंधकाच्या गरम पाण्याचं कुंड आहे. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून ते पाणी काढलं अशी कथा सांगतात, आणि कातडीच्या दुखण्याचे लोक लांबून लांबून आंघोळीला येतात. दोन वर्षांआधी आम्हीही गेलो होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पहिले पाच मिनिटं नाक मुरडावं लागतं, मग सवय होते. परत येताना गाडीत बायकोचं लक्ष पायाकडे गेलं तर चांदीची जोडवी काळी ठिक्कर! तिला वाटलं सोनारानं फसवलं. पाण्यातला हायड्रोजन सल्फाइड चांदीला लागला की असा काळा थर चढतो, पॉलिश केल्यावर निघाला.

तर इथे जोडवी दोन तास पाण्यात राहूनही चकाचक. वास आलाच तर स्विमिंग टँकसारखा, क्लोरीनचा. मी आईला म्हटलं, अगं सगळ्याच झऱ्यांत गंधक नसतं, आणि ते खरंही आहे. पण सातच्या सुमारास लाइट गेली आणि गोमुखाची धार बंद!! जनरेटर लागला, लॉबीत उजेड आला, झाडांवरच्या माळा लागल्या, गोमुख काही सुरू झालं नाही, आणि पाऊण तासात पाणी असं झालं की पोरगा कुडकुडत बाहेर. त्यानंच मग टॉवेल गुंडाळून मागची निळ्या पत्र्याची शेड शोधली, आत हीटर, पंप आणि पाइपचं जाळं.

अबे, खऱ्या झऱ्याला मीटर लागत नसते. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं, खाली साधारण किलोमीटरमागे 25-30 अंश तापमान वाढत जातं, तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं, एवढंच. ज्वालामुखी शेजारी असायची गरज नाही. तिकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला, कोकणात तुरळ-राजवाडीला आहे. आपल्याकडून जवळ म्हणजे मोर्शीजवळ सालबर्डीला आहे, छिंदवाडा जिल्ह्यात अनहोनीला आहे.

मॅनेजरला विचारलं तर तो अगदी नम्रपणे, “सर, नॅचरल म्हणजे पाणी नॅचरल आहे, बोअरचं आहे.” यावर काय बोलणार बाप्पा! पैसे परत मागितले तर पुढच्या वेळचं 20 टक्के सूट असलेलं कूपन हातात ठेवलं.

मला खरा राग त्या हीटरचा नाही. हीटरचंच आहे म्हणून सांगितलं असतं तरी आम्ही गेलो असतो, आईला शेक मिळाल्याशी मतलब. पण कुंडाजवळ ना थर्मामीटर ना कोणी विचारणारा. आईला शुगर आहे, पायाला चटका बसला तरी तिला लवकर कळत नाही, आणि संध्याकाळी गोमुखाच्या धारेखाली हात धरवत नव्हता इतकं कडक पाणी होतं. मीच तिला दुसऱ्या बाजूला सरकवलं.

मसाज मात्र खरंच चांगला, खोटं कशाला बोलू. बालाघाटकडची एक ताई होती, तिनं आधी बीपी-शुगर विचारलं, जेवून किती वेळ झाला विचारलं, मग तिळाचं तेल कोमट करून गुडघ्याला असं चोळलं की आई तिथेच घोरायला लागली. दुसऱ्या दिवशी जिना चढताना कठड्याला हात न लावता वर आली. त्या ताईला पाचपैकी पाच. जेवण ठीकठाक, सावजीच्या नावाखाली नुसता लाल रंग होता, घाम काही फुटला नाही. सकाळचे तर्री पोहे बरे होते पण आठ वाजताच संपतात. कुंडाला एक स्टार, तोही गोमुखाचा.

जायचंच असेल तर मुक्कामाचं पॅकेज घेऊ नका. नुसता मसाज 1,800 मध्ये वेगळा मिळतो, विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि सकाळी लवकर गेलात तर पोहेपण मिळून जातात.