जेबॉस कॅशचं झाड: आठ महिने वापरल्यावर

गेल्या आठवड्यात आमच्या खत विक्रेत्यांच्या बिलांवर वाहतूक खर्च शून्य छापला गेला. तेच बिल पुन्हा काढलं तर बरोबर, तिसऱ्यांदा परत शून्य. दोन रात्री यात गेल्या, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे जेबॉस कॅश ३ आहे, दोन सर्व्हरवर. ही वारंवार लागणारा डेटा मेमरीत झाडासारखा मांडून ठेवणारी जावा लायब्ररी. झाडाची रचना जिल्हा, तालुका, विक्रेता अशी; यातली प्रत्येक जागा म्हणजे एक नोड. तालुक्याच्या नोडवर वाहतूक दर, विक्रेत्याच्या नोडवर त्याची सवलत.

आधी रेप्लिकेशनवर, म्हणजे एका सर्व्हरवरचा बदल दुसऱ्यावर पोचवण्यावर, संशय घेतला आणि सर्व्हरमधले निरोप वाहणाऱ्या जेग्रुप्सचे लॉग चाळत बसलो. तिथे काहीच नव्हतं. घोळ इव्हिक्शनचा, म्हणजे जागा करायला मेमरीतून डेटा काढून टाकण्याचा, निघाला. ज्या नोडखाली मुलं आहेत तो इव्हिक्ट झाला की फक्त त्याच्यावरचा डेटा जातो, नोड झाडात तसाच राहतो. सवलती दिवसभर वाचल्या जातात, वाहतूक दर मात्र बिल छापतानाच लागतो. त्यामुळे एलआरयूच्या (सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं आधी काढायचं, या नियमाच्या) हिशोबात तालुका आधी जुना ठरतो. आमचा कोड 'नोड आहे का' एवढंच विचारायचा. नोड होता, आत दर नव्हता. शिवाय इव्हिक्शन त्या-त्या सर्व्हरपुरतंच असतं, रेप्लिकेट होत नाही. म्हणून एका सर्व्हरवर बरोबर, दुसऱ्यावर शून्य.

चिडून मी झाड काढून साधा की-व्हॅल्यू मॅप (एका नावाला एक किंमत, अशी सपाट यादी) लावायला घेतला होता. पण जिल्ह्याचे दर बदलले की काय करायचं, इथे अडलो. आज जिल्ह्याचा नोड रिमूव्ह केला की खालचं सगळं एका कॉलमध्ये जातं, दोन्ही सर्व्हरवरून. मॅपमध्ये एकेक की शोधत बसावं लागलं असतं. मत तिथेच बदललं. चूक आमच्या तपासणीची होती.

रॅम वाढवा, असाही सल्ला मिळाला. कशाला? राज्यात तालुके साडेतीनशेच्या आसपास. तेवढे नोड रेसिडेंट, म्हणजे कायम मेमरीत राहणारे, केले की ते इव्हिक्ट होत नाहीत, आणि मेमरी नगण्य लागते. फक्त हा गुण रेप्लिकेट होत नाही, साठवलाही जात नाही. प्रत्येक सर्व्हर सुरू होताना तो स्वतंत्र लावावा लागतो. नोडऐवजी दरच नल (रिकामा) आहे का, हेही आता तपासतो.

आणखी एक: एफक्यूएन (झाडातल्या नोडचा पूर्ण पत्ता) स्ट्रिंगवरून, म्हणजे मजकुरावरून, बनवला की त्यातला आकडाही स्ट्रिंगच राहतो. पूर्णांक देऊन बनवलेल्या एफक्यूएनशी तो जुळत नाही. आमचा एक दिवस यातही गेला होता.

नवं काम असेल तर मी हे घेणार नाही. पुढचा विकास इन्फिनिस्पॅन या त्याच्या जागी आलेल्या प्रकल्पाकडे गेला, तिथे मुळात सपाट की-व्हॅल्यू आहे. पण चालू प्रोजेक्टमधलं हे झाड मी काढणार नाही.