पाच ते आठ युरोंच्या वाइन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जर्मनीतल्या कोणत्याही सुपरमार्केटमध्ये दोन युरोंपासून वीस युरोंपर्यंतच्या वाइन एकाच फळीवर उभ्या असतात आणि लेबलाच्या देखणेपणावरून आतल्या मालाचा अंदाज येत नाही. गेले काही महिने आम्ही दोघे आणि ओळखीचे एक मराठी जोडपे अशा चौघांनी ठरवून पाच ते आठ युरोंच्या दरम्यानच्याच बाटल्या घेतल्या, शक्य तेव्हा दर वेळी वेगळ्या देशाच्या, आणि त्या रिकाम्या पोटी न चाखता घरच्या जेवणाबरोबर प्यायलो. बाटलीला कागद गुंडाळायचा, चव घ्यायची, प्रत्येकाने आपले मत सांगायचे आणि मगच कागद काढायचा, एवढाच नियम होता. या किमतीत प्रसिद्ध प्रदेशाचे नाव विकत घेण्यात अर्थ नाही. कमी ऐकलेला वाण किंवा प्रदेश घ्यावा, आणि मराठी जेवणासाठी दणकट वाइनऐवजी आंबटसर, कमी मद्यार्काची वाइन निवडावी, असे माझे मत यातून बनले.

किमतीची खालची मर्यादा पाच युरो ठेवण्यामागे साधा हिशोब आहे. न फसफसणाऱ्या वाइनवर जर्मनीत वेगळा मद्यकर नाही, फक्त १९ टक्के मूल्यवर्धित कर आहे. तीन युरोंच्या बाटलीत तो ४८ सेंट होतो आणि उरलेल्या अडीच युरोंत काच, बूच, लेबल, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा भागवायचा असतो, त्यामुळे द्राक्षांच्या वाट्याला फारच थोडे येते. सहा युरोंच्या बाटलीत कर ९६ सेंटांवर जातो, परंतु काच आणि वाहतूक काही दुप्पट महाग होत नाही. म्हणजे वाढीव पैशांतला चांगला हिस्सा प्रत्यक्ष वाइनवर खर्च होऊ शकतो. आठ युरोंच्या पुढे दर्जा वाढतोच, पण तो ओळखायला जिभेला सराव लागतो आणि तिखट जेवणासमोर तर तो बहुतेक वाया जातो.

सर्वांत जास्त समाधान रीस्लिंग या पांढऱ्या वाणाने दिले. मिरचीचा जाळ मद्यार्काने वाढतो, टॅनिनच्या, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणाऱ्या घटकाच्या, तुरटपणाने तो आणखी बोचतो, आणि थोडीशी साखर त्याला शांत करते. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याच्या ‘काबिनेट’ या हलक्या वर्गातल्या किंचित गोड रीस्लिंगमध्ये मद्यार्क अनेकदा आठ-नऊ टक्केच असतो, साखर असते आणि ती साखर चिकट वाटू नये इतका आंबटपणाही असतो. तांबड्या रश्श्याबरोबर ती वाइन ज्या सहजतेने जाते, तशी दुसरी कोणतीच गेली नाही. चिंच-गुळाच्या आमटीबरोबरही तीच चालते, कारण पदार्थात गूळ असला की पूर्ण कोरडी, म्हणजे बिनगोड, वाइन कडवट लागते आणि पदार्थ आंबट असला की कमी आंबट वाइन पाणचट होते.

जर्मन लेबलावर ‘ट्रोकन’ (कोरडी) असेल तर लिटरमागे साखर जास्तीत जास्त ९ ग्रॅम असते, ‘हाल्बट्रोकन’ (अर्धकोरडी) असेल तर साधारणपणे १८ ग्रॅमपर्यंत. ‘फाइनहेर्ब’ या, किंचित गोड वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या, शब्दाला मात्र कायद्याने ठरवलेली मर्यादा नाही, तेव्हा तिथे उत्पादकाच्या विवेकावर भरवसा ठेवावा लागतो. ‘गुट्सआब्फ्युलुंग’ असे लिहिले असेल तर वाइन स्वतःची द्राक्षे पिकवणाऱ्या मळ्यावरच बाटलीत भरलेली असते; ‘एर्त्सॉयगरआब्फ्युलुंग’मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थाही येतात. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला सहकारी वाइनबद्दल थोडी शंका असणे स्वाभाविक आहे, पण राइनहेसेन आणि फ्रांकेन या जर्मन प्रदेशांतल्या अशा संस्थांच्या एक लिटरच्या सिल्व्हानर आणि रीस्लिंग यांनी आम्हांला कधी निराश केले नाही. पैशांच्या मोबदल्यात या लिटरच्या बाटलीला मी पहिला क्रमांक देईन.

मासळीसाठी पोर्तुगालच्या वायव्येकडची विन्यु व्हेर्द घ्यावी. हलकी, जिभेला किंचित चुरचुरणारी, बहुधा नऊ ते अकरा टक्के मद्यार्काची ही वाइन रवा लावून तळलेल्या बांगड्याबरोबर लिंबाचे काम करते. ती ताजीच प्यायची असते, म्हणून ताज्यातल्या ताज्या हंगामाचीच बाटली उचलावी. दोन-तीन वर्षे जुनी बाटली सवलतीत मिळाली तरी तिच्या नादी लागू नये. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या मुखाजवळची म्युस्काडे हा दुसरा चांगला पर्याय, आणि तिच्या लेबलावर ‘स्युर ली’ हे शब्द असावेत, म्हणजे ती यीस्टच्या गाळावर मुरलेली असते.

लाल वाइनमध्ये स्पेनच्या आरागोन भागातली कालातायूद आणि काम्पो दे बोर्हा इथली गार्नाचा वाणाची वाइन या किमतीत अचंबित करते. जुन्या वेलींना द्राक्षे कमी लागतात पण चव दाट येते, आणि प्रदेशाचे नाव स्पेनच्याच प्रसिद्ध रिओहाइतके मोठे नसल्याने भाव चढलेला नाही. मात्र मद्यार्क चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत जातो, त्यामुळे झणझणीत रश्श्याबरोबर ती घेऊ नये. शेंगदाण्याचे कूट आणि गोडा मसाला घातलेली भरली वांगी तिला जास्त मानवतात.

चिलीच्या कार्मेनेरची गोष्ट चवीपेक्षाही रंजक आहे. मूळचा फ्रान्समधल्या बोर्दोचा हा वाण एकोणिसाव्या शतकातल्या फायलोक्सेरा किडीच्या थैमानानंतर तिथून जवळजवळ नाहीसा झाला होता, आणि चिलीत तो मर्लो या दुसऱ्याच वाणाच्या नावाने सुखाने नांदत होता; १९९४ मध्ये झाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने त्याची खरी ओळख पटवली. स्वस्त कार्मेनेरला ढोबळ्या मिरचीचा वास येतो. मला तो आवडतो आणि पीठ पेरलेल्या ढोबळ्या मिरचीबरोबर तर फारच. आमच्यातल्या दोघांना तो अजिबात सहन झाला नाही. अर्जेंटिनाची माल्बेक मात्र चौघांनाही आवडली, आणि सगळ्यांना आवडणाऱ्या वाइनबद्दल लिहिण्यासारखे फारसे उरत नाही.

दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लाँ कोथिंबीर वडी आणि अळूवडीसाठी राखून ठेवावी. हा वाण महाराष्ट्रातल्या वाचकांना परका नाही, कारण नाशिकच्या मळ्यांतही तो रुजला आहे. भारतात आयात वाइनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के शुल्क राहिल्यामुळे जर्मनीतली सहा युरोंची बाटली तिथे परवडणारी राहत नाही. तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकाने माझी यादी घेऊन दुकानात जाण्यापेक्षा नाशिकच्या शेनिन ब्लाँपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

याच किमतीतल्या फ्रान्सच्या बोर्दो आणि इटलीच्या कियान्ती बहुतेक वेळा पातळ निघाल्या. दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोकच्या लाल वाइन त्यांच्यापेक्षा सरस. ऑस्ट्रेलियाची बरीचशी स्वस्त वाइन सुमारे २४,००० लिटरच्या लवचिक पिशव्यांतून जहाजाने येते आणि युरोपात बाटल्यांत भरली जाते. त्यात गैर काही नाही, उलट काचेचे वजन वाहण्याचा खर्च वाचतो, पण आम्ही घेतलेल्या बाटल्या गोडसर आणि एकसुरी होत्या.

जर्मनीत फसफसणाऱ्या वाइनवर १९०२ मध्ये कैसरच्या, म्हणजे सम्राटाच्या, नौदलाच्या खर्चासाठी लावलेला कर मध्ये काही वर्षे बंद राहून आजही चालू आहे, आणि तो पाऊण लिटरच्या बाटलीमागे १ युरो २ सेंट पडतो. इटलीच्या प्रोसेको या वाइनच्या ‘फ्रित्सान्ते’ (कमी फसफसणाऱ्या) प्रकारात दाब कमी असतो. साधे बूच किंवा दोरीने बांधलेले बूच असेल तर ती या करातून सुटते, म्हणून स्वस्त मिळते. तरीही कर भरून घेतलेली काव्हा ही स्पेनची फसफसणारी वाइन मला अधिक मोलाची वाटते, कारण ती त्याच बाटलीत किमान नऊ महिने मुरवावी लागते. दिवाळीच्या चकलीचा खारटपणा आणि तेलकटपणा तिच्याइतका दुसरी कोणतीच वाइन पेलत नाही.

उघडलेली बाटली, लाल असली तरी, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. लाल वाइन पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढावी. बुचाच्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बाधलेले असते आणि बाटली नि:संकोच परत करावी. उरलेली लाल वाइन मटणाच्या रश्श्यात ओतण्याचा मोह मात्र टाळावा. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाशी तिचे मुळीच जमत नाही.