फिनेस्त्रेचा घाट, भाच्याशी भांडण आणि एक सायकलिंगचं ॲप

सबस्क्रिप्शनचं वर्ष संपत आलंय. पुढे चालू ठेवायचं का, हे ठरवायला मी ॲप उघडलं आणि काय लावलं? पुन्हा २०२५च्या जिरो द'इटालियाचा, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा, विसावा टप्पा. बहुतेक पाचव्यांदा. भाचा म्हणतो, "मावशी, तुझा येट्स जिंकतो म्हणून बघतेस." बघते! २०१८च्या जिरोत तेरा दिवस गुलाबी जर्सी (एकूण वेळेत जो पुढे, त्याची) घालून सायमन येट्स याच फिनेस्त्रेच्या टप्प्यावर कोलमडला, एका दिवसात अडतीस मिनिटांहून जास्त गमावली. तो दिवस ज्यांनी पाहिलाय, त्यांना सात वर्षांनी त्याच घाटात त्याला सुटताना पाहायचा हक्क आहे.

पण आमचं भांडण येट्सवरून नाही, मागे राहिलेल्या दोघांवरून आहे. टप्पा सुरू होताना इसाक देल तोरो गुलाबी जर्सीत, वय २१. रिचर्ड कारापास एकूण वेळेत त्याच्यामागे ४३ सेकंदांवर. येट्स तिसरा, १ मिनिट २१ सेकंद मागे. घाटात येट्स निसटला आणि हे दोघं एकमेकांची तोंडं बघत बसले. तू ओढ (म्हणजे पुढे राहून वारा काप), नाही तू ओढ. संध्याकाळी एकूण वेळेत येट्स देल तोरोच्या ३ मिनिटं ५६ सेकंदांनी पुढे! भाच्याच्या मते दोष कारापासचा: जिंकायचं होतं तर काम का केलं नाही? मी म्हणायचे, जर्सी ज्याच्या अंगावर, पाठलाग त्याने करायचा.

आणि इथेच या ॲपची खरी किंमत कळते. भाच्याने फक्त हायलाइट्स पाहिले होते. त्यात घाटाच्या पायथ्याशी कारापासचे हल्ले दोन झटक्यांत उरकतात, मग येट्स जातो, मग एकदम त्याच्याच संघाचा वाउट व्हान आर्ट कुठूनसा प्रकटतो आणि त्याला ओढायला लागतो. जणू आकाशातून पडला. अख्खा टप्पा पाहिला की कळतं, व्हान आर्ट सकाळीच पुढच्या मोठ्या घोळक्यात जाऊन बसला होता. फिनेस्त्रे म्हणजे साडेअठरा किलोमीटर, सरासरी नऊ टक्क्यांचा चढ, वरचा भाग कच्च्या रस्त्याचा. तिथे वेग इतका कमी की दुसऱ्याच्या चाकामागे राहून फारसं वाचत नाही. उतरून सेस्त्रिएरेकडे, म्हणजे शेवटाकडे, जाताना मात्र समोर वारा कापणारा व्हान आर्टसारखा गडी असणं म्हणजे निम्मी लढाई. येट्सची खरी कमाई त्या दरीतल्या रस्त्यावर वाढली, आणि हायलाइट्समध्ये तो रस्ता जेमतेम दिसतो. तो तुकडा सलग पाहिल्यावर माझंही मत थोडं सरकलं. कारापासने पायथ्याशी ताकद उधळली होती, देल तोरो त्याच्या चाकाला चिकटून होता. कारापासने पुन्हा ओढायचं कशासाठी, देल तोरोला आयती गुलाबी जर्सी द्यायला? (हे भाच्याला अजून कबूल नाही.)

तर ॲप. पूर्ण टप्पे पहिल्या किलोमीटरपासून मिळतात, महिनोन् महिने राहतात, आणि चित्र खटकन दहा सेकंद मागे नेता येतं. कोण कुठल्या वळणावर सीटवरून उठला, कोणी मागे वळून पाहिलं, हे भांडणाऱ्याला लागतंच. समालोचन बंद करून नुसता रस्त्याचा आवाज ठेवता येतो. मी तसंच बघते, कारण समालोचकांनी देल तोरोला एकदा बिचारा ठरवलं की पुढचा अर्धा तास तो बिचाराच राहतो.

आता घोडं कुठे पेंड खातं ते सांगते. एक, होम स्क्रीनवरच्या चित्रात विजेता हात वर करून उभा! रात्री उशिरा बघणाऱ्याने करायचं काय? मी डोळ्यांवर हात धरून बोटांच्या फटीतून शोधते, हसू नका. तक्रार केली, "आपला अभिप्राय मोलाचा आहे" असं उत्तर आलं, चित्र तिथेच. दोन, थेट प्रक्षेपणात जाहिरात नेमकी हल्ल्याच्या वेळी येते. तीन, कोण किती सेकंद मागे ही पट्टी मधूनच गायब होते, आणि नेमक्या त्याच आकड्यांवर आमचं सगळं भांडण चालतं. मग मी वही घेऊन बसते आणि ओळखीच्या वळणावर दोन्ही गट कधी पोचले ते लिहून स्वतःच वजाबाकी करते.

पाचपैकी साडेतीन तारे. ते होम स्क्रीनवरचं चित्र हटवलं तर चार.

चालू ठेवलंय. भाच्याला परवा घरी बोलावून २०५ किलोमीटरचा अख्खा टप्पा लावून दिला, फोन काढून घेतला. पाच तासांहून जास्त एका जागी बसला, मधे दोनदा चहा. व्हान आर्ट येट्ससाठी थांबला तेव्हा स्वतःहून मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मला वाटलं, जिंकले.

"पाहिलं मावशी," तो उठत म्हणाला. "चूक कारापासचीच."