कोबोटूलबॉक्स: वस्ती-सर्वेक्षणाला किती पुरतं?

गूगल फॉर्म घेऊन घरोघरच्या सर्वेक्षणाला निघालेला गट अडतो तो पत्र्याच्या छपराखाली रेंज गेल्यावर. कोबोटूलबॉक्सचं महत्त्व तिथे कळतं. हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमधून पुढे आलेलं, ओपन डेटा किट या माहिती-संकलनाच्या साधनाच्या पायावर बांधलेलं हे सर्वेक्षणाचं मुक्तस्रोत साधन मुळात आपत्तीग्रस्त भागांसाठी घडवलं गेलं, त्यामुळे नेट नसणार हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. अँड्रॉइड फोनवर कोबोकलेक्ट ॲपमध्ये फॉर्म एकदा उतरवून घ्यायचा, दिवसभर नेटशिवाय भरायचा आणि संध्याकाळी वायफायवर पाठवायचा. मोफत योजनेत नोंदींवर आणि फाइलींच्या जागेवर मर्यादा आहे. ती बदलत असते, म्हणून प्रकल्पाचं अंदाजपत्रक करतानाच योजनेचं पान वाचून घ्यावं. फोटो असतील तर आधी जागाच संपते. एक्सेलमध्ये लिहिलेल्या फॉर्ममध्ये फोटोच्या प्रश्नाच्या ‘पॅरामीटर्स’ रकान्यात मॅक्स-पिक्सेल्स १०२४ टाकलं की सार्वजनिक नळ किंवा शौचालय स्पष्ट दिसतं आणि फाइल बरीच लहान होते.

वेबसाइटवरचा फॉर्म-बिल्डर छोट्या प्रश्नावलीला पुरतो. त्यापुढे एक्सेलमध्ये एक्सएलएसफॉर्म, म्हणजे रकान्यांत मांडलेली प्रश्नावली, लिहिणंच बरं. त्यात तीन शीट असतात: सर्व्हे, चॉइसेस आणि सेटिंग्ज. प्रश्न मराठीत लिहिता येतो, पण ‘नेम’ रकान्यातलं नाव रोमन लिपीत आणि जागा न सोडता ठेवा. पर्यायांच्या कोडमध्येही जागा नको, कारण अनेक उत्तरं निवडायच्या प्रश्नात उत्तरं मोकळ्या जागेने तोडूनच साठवली जातात. दोन शब्दांचा कोड दिला तर एका उत्तराची दोन उत्तरं होतात. फॉर्म मराठी आणि हिंदी दोन्हींत असेल तर प्रश्न, सूचना आणि पर्याय या सगळ्यांना दोन्ही भाषांचे रकाने द्या. एखादा राहिला तर तिथे फोनवर नुसती आडवी रेघ दिसते.

खरी मेहनत पर्यायांच्या यादीवर लागते. इतर राज्यांतून किंवा केंद्रीय सर्वेक्षणांतून उचललेली ‘अजा, अज, ओबीसी, सर्वसाधारण’ ही यादी महाराष्ट्रात चालत नाही. विमुक्त जाती (अ) आणि भटक्या जमाती ब, क, ड असे वेगळे पर्याय नसतील तर राजपारधी, वडार, धनगर, वंजारी अशी कुटुंबं ‘ओबीसी’त किंवा ‘इतर’मध्ये विरघळून जातात आणि विश्लेषणाच्या वेळी त्यांना वेगळं काढायला मार्ग उरत नाही. विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हेही विसरू नका. जिल्हा-तालुक्याची यादी एकमेकींना जोडलेली ठेवावी (‘चॉइस फिल्टर’, म्हणजे निवडलेल्या जिल्ह्याचेच तालुके दिसतात), आणि कोड नावावरून न देता शासनाच्या स्थानिक संस्था निर्देशिकेतल्या क्रमांकावरून द्यावा. उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा नावावरून कोड दिलेल्या जुन्या-नव्या फाइली जुळवताना लोकांची दमछाक झाली असणार.

मुंबईतल्या झोपडपट्टीत ‘इथे कधीपासून राहता?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण तसा नाही. १ जानेवारी २००० ही मोफत पुनर्वसनाची आणि १ जानेवारी २०११ ही सशुल्क पुनर्वसनाची कट-ऑफ तारीख घराघरात पाठ असते, म्हणून उत्तरं त्या तारखांच्या आधीच्या वर्षांकडे सरकतात. वर्ष विचारण्याऐवजी ‘इथे आलात तेव्हा मोठा मुलगा कितवीत होता?’ असा प्रश्न ठेवून वर्ष फॉर्ममधल्या कॅल्क्युलेशनने (हिशेबाने) काढावं, आणि हे सर्वेक्षण पात्रतेसाठी नाही हे संमतीच्या पहिल्याच वाक्यात सांगावं. ॲप यात फार मदत करत नाही.

मदत करतं ते अटींच्या बाबतीत. ‘यापैकी काही नाही’ निवडल्यावर दुसरा पर्याय टिकू नये, वय ११० च्या वर जाऊ नये, शाळा सोडली असेल तरच कारण विचारलं जावं, हे सगळं ‘कन्स्ट्रेंट’ (उत्तरावरची अट) आणि ‘रेलेव्हंट’ (प्रश्न कधी दिसावा) या रकान्यांत बसतं. पाण्याचं माप लिटरमध्ये विचारू नका. हंडे किती आणि हंडा केवढा हे विचारा, ड्रम वेगळा (साधारण २०० लिटर), आणि गुणाकार फॉर्मवर सोपवा. मोबाइल नंबरसाठी टेक्स्ट प्रश्न ठेवलात तर मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक येतात आणि एक्सेलमध्ये शोध लागत नाही. अटीत फक्त रोमन दहा अंक मान्य करा. धुणीभांडी, धुणं-भांडी, घरकाम अशी मोकळी उत्तरं मागून एकत्र करण्यापेक्षा व्यवसायाची यादी चाचणी सर्वेक्षणातूनच पक्की करा.

क्षेत्रातल्या तक्रारींत सगळ्यात वरचा नंबर ड्राफ्टचा. ड्राफ्ट म्हणून ठेवलेली नोंद सर्व्हरला जातच नाही, आणि ॲप काढून टाकलं की न पाठवलेली प्रत्येक नोंद फोनमधून पुसली जाते. पर्यवेक्षकाने रोज संध्याकाळी फोन हातात घेऊन ‘पाठवायला तयार’ आणि ‘ड्राफ्ट’ हे दोन आकडे बघावेत. आयफोनवर ॲप नाही, ब्राउझरमधला फॉर्म आहे. ब्राउझरची साठवण साफ केली की तिथल्याही नोंदी जातात. चिंचोळ्या गल्लीत जीपीएस ५ मीटरपर्यंत येत नाही, म्हणून स्थान गल्लीच्या तोंडाशी मोकळ्या जागेत घ्या. अचूकता स्थानाबरोबर चौथ्या आकड्यात नोंदली जाते, तो रकाना विश्लेषणात टाकून देऊ नका. फॉर्म बदलल्यावर तो पुन्हा डिप्लॉय करायचा (सर्व्हरवर प्रकाशित करायचा) आणि प्रत्येक फोनवर नवी आवृत्ती उतरली का हे पाहायचं.

निर्यात हा भाग कच्चा आहे. कुटुंबातल्या सदस्यांसाठी रिपीट गट (प्रत्येक सदस्यासाठी पुन्हा विचारला जाणारा प्रश्नसंच) वापरला तर सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात, ती माहिती येतच नाही. एक्सएलएस (एक्सेल फाइल) घ्यावी लागते, त्यात सदस्यांची वेगळी शीट येते आणि पालक-निर्देशांकाच्या (सदस्य कोणत्या कुटुंबाच्या नोंदीतला हे सांगणाऱ्या) रकान्याने ती कुटुंबाशी जोडावी लागते. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीऐवजी भलतीच अक्षरं दिसू शकतात. डेटा मेनूतून यूटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धती निवडून आयात केली की ठीक होतं.

गोपनीयतेबाबत बेफिकिरी परवडणारी नाही. नाव, जात आणि घराचं अचूक स्थान एकाच शीटमध्ये असणं धोक्याचं आहे. नाव-पत्ता वेगळ्या फॉर्ममध्ये घ्या आणि दोन्ही एका क्रमांकाने जोडा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सशर्त सूट आहे, पण ती माहिती त्या व्यक्तीबाबतच्या निर्णयासाठी वापरली की सूट संपते. कोबोटूलबॉक्समध्ये सूक्ष्म परवानग्या देता येतात: प्रगणकाला फक्त स्वतःच्या नोंदी दिसतील असं करता येतं. कूटबद्ध फॉर्मची सोयही आहे, मात्र मग वेबसाइटवर काहीच वाचता येत नाही आणि खासगी किल्ली हरवली तर सगळी माहिती गेली.

प्रदीर्घ मुलाखती, गटचर्चा यांसाठी हे साधन घेऊ नये; तिथे रेकॉर्डर आणि वहीच बरी. दोनशे घरांपुढच्या, एका जाणकाराने फॉर्म सांभाळलेल्या सर्वेक्षणासाठी मात्र एवढ्या पैशांत, म्हणजे फुकटात, याच्या तोडीचं दुसरं सहज सापडत नाही. तो जाणकार गटात नसेल तर आधी एका सहकाऱ्याला आठवडाभर एक्सएलएसफॉर्म शिकवा, मग खातं उघडा.