राज्यघटनेची बॅच चांगली, पण संध्याकाळची घेऊ नका

फी वसूल होते हे आधीच सांगून टाकतो. आमच्या तालुक्याला कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर एमपीएससीचा क्लास आहे, तिथं फक्त राज्यघटनेची बॅच वेगळी लावता येते, फी हप्त्यानं चालते आणि कापूस विकल्यावर दिली तरी सर कुरकुर करत नाहीत.

नागरिकत्व म्हटलं की बाकीचे क्लासवाले कलम 5 ते 11 आणि 1955 चा कायदा पाठ करायला लावतात न मोकळे होतात. इथं सरांनी पहिला तास नुसता 'नागरिक' या शब्दावर काढला. "काहून रे पोट्टेहो, नागरिक म्हणजे नगरातला, मंग आपण खेड्यातले कोण?" सगळे गप. मग सर सुटले ते थांबेचनात. अर्थशास्त्रात कौटिल्याचा नागरक म्हणजे शहराचा कारभार पाहणारा अधिकारी. ग्रीकांचंही आपल्यासारखंच, पोलिस म्हणजे नगरराज्य त्यावरून पोलितेस म्हणजे नागरिक (ठाण्यातलं पोलीसही त्याच खानदानातलं बरं). लॅटिनमध्ये मात्र उलटं, आधी किविस म्हणजे नागरिक, त्यावरून किवितास म्हणजे नागरिकांचा समुदाय, आणि पुढं फ्रेंचमधून फिरत फिरत इंग्रजीत सिटी न सिटिझन. म्हणजे आपल्याकडं गावावरून माणूस, तिकडं माणसावरून गाव! जुने शब्द पाहा, प्रजा म्हणजे मुळात लेकरं आणि अरबीतून आलेली रयत म्हणजे राखायचा कळप. मला तर नगर चिकटलेलं असलं तरी नागरिकच बरा वाटतो, कोणाचं लेकरू नाही न कोणाचं ढोर नाही.

परीक्षेला कामाचं नाही म्हणाल तर तसंही नाही, कलम 14 आणि 21 चे हक्क सगळ्या व्यक्तींना पण 15, 16, 19 चे फक्त नागरिकांना हे तेव्हापासून डोक्यात फिट बसलं, आणि कलम 5 ते 9 तर 26 नोव्हेंबर 1949 लाच लागू झाली, 26 जानेवारीची वाट पाहिली नाही, हेही.

नोट्सची झेरॉक्स लय फिकी. सोयाबीनच्या हंगामात अर्धी बॅच वावरात असते, तेव्हाचं सर परत शिकवत नाहीत. संध्याकाळचा तास लांबतो न शेवटची एसटी जाते, म्हणून बाहेरगावच्यांनी सकाळचीच बॅच मागा.