स्वयंपाकघरासाठी आर्किटेक्ट नेमला: आठ महिन्यांनंतरचा अनुभव (बराचसा सिंकच्या पाइपबद्दल)

सिंक चौथ्यांदा तुंबलं, म्हणून लिहायला बसले आहे. काम पूर्ण होऊन आठ महिने झालेत. जुन्या, कळकट स्वयंपाकघरात सिंक कधी तुंबल्याचं मला आठवत नाही. आर्किटेक्टची फी मोजून केलेल्या नव्यात मात्र दर दोन महिन्यांनी मी खाली बसून ट्रॅप (सिंकखालचा वळणाचा पाइप) उघडते. राग येणारच.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं झालंय. पहिल्या भेटीत आर्किटेक्टबाईंनी रंग किंवा लॅमिनेटचा विषयच काढला नाही. मला सरळ उभं करून कोपराची उंची मोजली. माझं कोपर जमिनीपासून ९६ सेंटिमीटरवर येतं. चिरण्याचं काम कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली सोयीचं पडतं, म्हणून ओटा ८४ वर घेतला. सिंकचा भाग मात्र ९२ वर, कारण भांडी घासताना हात काठावर नसतात, सिंकच्या तळाशी असतात. जुना ओटा सगळा सलग ९० चा होता. चिरताना खांदे वर चढायचे आणि घासताना कंबर वाकायची. रात्री पाठ शेकायला लागायची, ते आता पूर्ण थांबलंय. या एका गोष्टीसाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

बैठकीच्या खोलीकडची भिंत पाडायचा माझा हट्ट होता. त्यांनी इमारतीचे मूळ नकाशे मागवले, तर ती भार पेलणारी काँक्रीटची भिंत निघाली. ठेकेदार ती पाडून द्यायला तयार होता! ओव्हनसाठी स्वतंत्र सर्किट, चिमणीची उंची वगैरे सगळं ठीक.

आता पाइप. सिंक खिडकीखाली हलवलं, त्यामुळे ते सांडपाण्याच्या उभ्या पाइपपासून २.४ मीटर लांब गेलं. एवढ्या अंतरात पाणी नीट वाहायचं तर पाइपला उतार हवा. साधारण ४० ला १ धरला, तर २.४ मीटरमध्ये ६ सेंटिमीटर. मी लेव्हल लावून मोजलं. जेमतेम दीड सेंटिमीटर! पाणी जातं, पण रेंगाळत. तेलकटपणा पाइपच्या तळाशी बसतो, त्यावर कण चिकटतात, आणि दोन महिन्यांत पाइप भरतो. फी घेणाऱ्या माणसाला ६ सेंटिमीटरचं गणित जमू नये? इथवर लिहून मी त्यांना चार तिखट ओळींचा मेसेज पाठवला.

पुढचं तीन आठवड्यांनी लिहितेय, आणि गणित न जमण्याचं वरचं वाक्य मला मागे घ्यायला हवं.

आर्किटेक्टबाई दुसऱ्याच दिवशी आल्या, पैसे न घेता. येताना ड्रॉइंगची सातवी शीट आणली. त्यावर ६ सेंटिमीटरचा उतार स्पष्ट दाखवलेला होता. पाइप सिंककडच्या टोकाला उंचावरून निघून कपाटांच्या मागून जाणार होता, आणि त्याला जागा मिळावी म्हणून दोन ट्रॉल्या १० सेंटिमीटर कमी खोलीच्या काढलेल्या होत्या. ठेकेदाराने सगळ्या ट्रॉल्या एकाच मापाच्या मागवल्या. मग मागे जागाच उरली नाही, म्हणून पाइप कपाटांखालच्या १० सेंटिमीटरच्या पोकळीत सरकवला. तिथे ५ सेंटिमीटरचा पाइप आणि ६ चा उतार मावतच नाही. त्याने पाइप जवळजवळ आडवा टाकला आणि पुढून पट्टी ठोकली.

हे कुणी बघायचं होतं? देखरेखीची फी वेगळी होती, आणि ती मी नाकारली होती. ड्रॉइंग तर आहे, मग रोज येऊन बघायचं काय, असा माझा हिशेब. पाइप झाकायच्या आधी त्यांची एक भेट झाली असती, तर हे दहा मिनिटांत सापडलं असतं. दुरुस्तीसाठी तीन कपाटं उतरवावी लागली, दोन ट्रॉल्या नव्याने कराव्या लागल्या आणि सहा दिवस भांडी बाथरूममध्ये घासावी लागली. नाकारलेल्या फीपेक्षा खर्च जास्त झाला. ठेकेदाराने ट्रॉल्यांचे अर्धे पैसे दिले, तेही ती शीट समोर ठेवल्यावर. तिच्यावर त्याची सही होती.

तरी त्यांच्याबद्दलच्या दोन तक्रारी मी मागे घेणार नाही. एवढी महत्त्वाची गोष्ट सातव्या शीटवर बारीक अक्षरात नको होती. ती मला तोंडी, दोनदा सांगायला हवी होती. मी ट्रॉल्या तरी मोजून घेतल्या असत्या. आणि पाइप साफ करायला मध्ये झाकणाचं तोंड ड्रॉइंगमध्येही नव्हतं. ते आता मी आग्रहाने बसवून घेतलं. काटकोनी बेंड काढून तिथे ४५ अंशांचे दोन टाकले, ते मात्र त्यांनी स्वतःहून सुचवलं.

परवा सिंक काठोकाठ भरून बूच काढलं आणि शेजारी उभी राहिले. पाणी एका दमात गेलं. पुढच्या वर्षी बाथरूमचं काम आहे, तेही त्यांच्याकडेच देतेय. या वेळी करारात देखरेखीच्या पाच भेटी धरल्यात, आणि त्यातली एक पाइप झाकण्याआधीची, असं शब्दांत लिहून घेतलंय.