‘हाताने घडवलेला’ हुक नाईफ मागवताय? आधी हे वाचा

लाकडी डावाचा (वाढायच्या पळीचा) बाहेरचा आकार साध्या चाकूने निघतो, पण वाटी खोलगट कोरायला बाकदार पात्याचा हुक नाईफच लागतो. नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात तो सहसा दिसत नाही. मग आपण इन्स्टाग्रामवर शोधतो आणि नेमके तिथेच सापडतो.

विक्रेत्याने पहिलाच प्रश्न केला, “सर, उजवा की डावा?” धार एकाच कडेला असली की हा फरक पडतो, आणि मी डावखुरा. एवढं विचारणारा माणूस जाणकार असणार, असं कुणालाही वाटेल. सोबत व्हिडिओ: भट्टी, लालभडक पातं, ऐरणीवरचे घाव. किंमत २,८०० रुपये, सगळे आगाऊ, यूपीआयने. ऑर्डरप्रमाणे घडवतो, म्हणून परत घेत नाही म्हणे.

आलेला चाकू देखणा होता. पात्यावर दमास्कसची, म्हणजे पोलादाचे थर जोडून येते तशी लहरदार नक्षी, पाठीवर हातोड्याच्या खुणा. फक्त उजव्या हाताचा!

तरी वापरून पाहिला. पावसाळ्याआधी सोसायटीतला आंबा छाटला, त्याची ओली फांदी ठेवली होती. ओलं लाकूड कोरायला सोपं, पण डावाची वाटी निम्मी व्हायच्या आत धार दुमडली. पुन्हा लावली, पुन्हा दुमडली.

शेवटी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर एका धारवाल्या काकांना दाखवला. त्यांनी टोकाजवळ कानस फिरवली, ती सरळ धातूत रुतली. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या पोलादावरून कानस घसरते. मग ग्राइंडरला लावला. चांगल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, ह्याच्या लांब, सरळ रेघा. “साधं लोखंड आहे. पाणी देऊनही चढणार नाही,” काका म्हणाले. खरंच आहे ते. साध्या लोखंडात कार्बन जेमतेम ०.२ टक्के, धार टिकायला साधारण ०.६ तरी लागतो. नक्षी पॉलिश पेपरने गेली. अस्सल दमास्कसचीही घासून पुसट होते, पण पुन्हा ॲसिड लावलं की तीच उमटते, कारण थर आरपार असतात. इथे काहीच उमटलं नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. “तुम्हाला धार लावता येत नाही,” असं उत्तर आलं आणि लगेच ब्लॉक. डाव्याच्या जागी उजवा पाठवलात, त्याचं काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर तक्रार केली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. पैसे अजून आलेले नाहीत. १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच अडवली जायची शक्यता जास्त. ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

पैसे देण्याआधी एकच मागा: तुम्हाला पाठवायच्या त्याच चाकूवर, धारेजवळ कानस फिरवतानाचा व्हिडिओ, तुमचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट. पाठीवर फिरवलेली चालणार नाही, कारण चांगले लोहारही पाठ मुद्दाम मऊ ठेवतात. कोणतं पोलाद, हेही लेखी घ्या. ट्रकच्या स्प्रिंगपाट्याचं असलं तरी उत्तम. ‘हाय कार्बन’ एवढंच उत्तर आलं तर पुढे जाऊ नका.

त्या खात्याचं नाव आता बदललंय. व्हिडिओ तोच आहे, भाव ३,२०० झालाय.